भूसुरुंग काढण्याचे प्रशिक्षण : लष्करातला अनुभव कितपत धरला जातो?

करवीरचा सॅपर

नमस्कार. मी मूळचा कागल तालुक्यातला. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, चोवीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून मागील वर्षी घरी आलो आणि सध्या शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून काम करतो. खडकीतले प्रशिक्षण संपवून रेजिमेंटमध्ये दाखल झालो, त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘पराक्रम’ मोहीम सुरू झाली. २००१-०२ मध्ये राजस्थानच्या सीमेवर आधी सुरुंग पेरणे आणि पुढे तेच उचलणे, अशी दोन्ही कामे माझ्या वाट्याला आली.

माझ्या बॅचचा एक जण परदेशात मानवतावादी सुरुंग निर्मूलनाच्या कामावर आहे. त्याच्याकडून हे ऐकल्यापासून माझ्याही मनात तो विचार घोळत आहे, कारण कारखान्याच्या फाटकावर बसून माझे शिक्षण वाया चालले आहे असे वाटते. अलीकडे एका एजंटाशी बोलणे झाले. त्याचे म्हणणे असे की, लष्करातून आलेल्या माणसाला वेगळे शिकावे लागत नाही. ‘ईओडी लेव्हल १’ हे स्फोटके नष्ट करण्याच्या कामाचे प्रमाणपत्र तेवढे लागते, ते तो आठ दिवसांत मिळवून देईल आणि त्यासाठी तीन लाख रुपये भरावे लागतील. पैशांची सोय होईल, पण मनाला पटत नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेले कोणी येथे असल्यास मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे प्रशिक्षण नेमके कशाचे असते, माझी चोवीस वर्षे त्यात कुठे मोजली जातात, आणि वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी हे काम झेपेल का? घरात ‘बॉम्ब’ हा शब्द काढला तरी मंडळी ताटावरून उठतात, त्यामुळे मलाच आधी नीट समजून घेणे भाग आहे.

गडहिंग्लजचा सुभेदार

हवालदारसाहेब, जय हिंद. मीही सॅपर. निवृत्तीनंतर श्रीलंकेच्या उत्तर भागात सहा वर्षे सुरुंग काढणाऱ्या पथकांना शिकवण्याचे काम केले. युद्धानंतर तिथे ‘होरायझन’ आणि ‘सर्वत्र’ या आपल्याकडील निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या संस्थाही काम करत होत्या, त्यामुळे किलिनोच्चीच्या बाजारात अधूनमधून मराठी कानावर पडत असे.

पहिली गोष्ट, त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. या क्षेत्रातील कोणतीही जबाबदार संस्था उमेदवाराकडून पैसे घेऊन त्याला कामावर ठेवत नाही; उलट ती स्वतःच्या खर्चाने शिकवते, परीक्षा घेते, विमा उतरवते आणि मगच मैदानात उतरवते. शिवाय एजंटाने दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ केली आहे. लेनमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या अरुंद पट्ट्यात, गुडघे टेकून जमीन तपासणारा, ज्याला सगळीकडे डीमायनर म्हणतात, तो वेगळा आणि सापडलेली वस्तू नष्ट करणारा ईओडी ऑपरेटर वेगळा. डीमायनरने शोधायचे, बाजूने माती काढून उघडे करायचे, खूण लावायची आणि पथकप्रमुखाला बोलवायचे, एवढेच त्याचे काम. त्याला काही आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम असतो.

ईओडीच्या पायऱ्या आंतरराष्ट्रीय माइन अ‍ॅक्शन मानकांत, म्हणजे ज्यांना आम्ही ‘आयमास’ म्हणतो त्यांत, ठरवून दिलेल्या आहेत. लेव्हल १ चा माणूस ज्या प्रकारांचे शिक्षण घेतले आहे तेवढ्याच वस्तू, त्याही एकेक करून, जागच्या जागी उडवू शकतो. लेव्हल २ ला दारूगोळा हलवण्याची, वाहून नेण्याची आणि एकाच वेळी अनेक वस्तू नष्ट करण्याची मुभा मिळते. दारूगोळा निष्क्रिय करण्याच्या पद्धती लेव्हल ३ ला येतात, आणि त्याच्याही वर ‘३ प्लस’ म्हणून घरगुती बनावटीची स्फोटके, रासायनिक दारूगोळा, पाण्याखालचे काम अशा खास शाखा आहेत. एका पायरीवर प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पुढच्या पायरीवर घेण्याची पद्धत नाही. ही मानके इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. एजंटाला भेटण्यापूर्वी ती वाचावीत.

आता तुमच्या चोवीस वर्षांविषयी. तुम्ही सीमेवर जे सुरुंग उचलले ते आपणच पेरलेले होते. कोणत्या रांगेत किती, कोणत्या जातीचे, कोणत्या खुंटीपासून किती पावलांवर, याची नोंदवही होती, आणि तरीही त्या कामात आपली माणसे जखमी झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर श्रीलंकेतल्या वन्नीच्या जंगलात ज्याने पेरले तो मेलेला किंवा परागंदा झालेला असतो, नकाशा नसतो, आणि दरम्यान दहा पावसाळे जमिनीवरून गेलेले असतात. दुसरा फरक याहून मोठा आहे. लढाईत सॅपर सुरुंगक्षेत्रातून वाट काढतो तेव्हा रणगाडे पहाटेच्या आत पलीकडे जायला हवे असतात, आणि त्या घाईत काही नुकसान गृहीत धरलेले असते. मानवतावादी कामात ठरलेल्या क्षेत्रात, ठरलेल्या खोलीपर्यंत एकही वस्तू मागे राहिलेली चालत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिथे कोणी तरी नांगर धरणार असतो. म्हणून लष्करातून आलेल्या माणसाला शिकवताना आधी त्याचा वेग काढून घ्यावा लागतो, आणि तो सहजासहजी निघत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

एक प्रसंग सांगतो. सराव लेनमध्ये आम्ही गंजके खिळे, बाटलीची बुचे आणि स्फोटक नसलेले सरावाचे सुरुंग पुरून ठेवत असू. एका बाजूला पायदळातून निवृत्त झालेला धडधाकट शिपाई, शेजारच्या लेनमध्ये नवरा युद्धात गेलेली, त्याआधी कधी गावाबाहेर न पडलेली एक बाई. दोघांनाही डिटेक्टरने, म्हणजे धातू शोधणाऱ्या यंत्राने, आवाज दिला. शिपायाने सहा मिनिटांत खिळा काढला आणि तो हसत उभा राहिला. मी त्याला लेनच्या बाहेर घेतले, कारण त्याने खिळ्याच्या डोक्यावरून माती टोकरली होती. बाईला चाळीस मिनिटे लागली. तिने आवाजाची जागा खुणेने नक्की केली, खुणेच्या अलीकडे वीतभर अंतर सोडून खड्डा घेतला, मग तिरप्या टोचणीने एकेक बोट पुढे सरकत, माती मागे ओढत, ती बाजूने खिळ्यापर्यंत पोहोचली. सुरुंगाची दाबपट्टी वर असते, म्हणून त्याला कायम कुशीतून भेटायचे असते. तिने पहिल्या आठवड्यात अशा तीस-बत्तीस वस्तू काढल्या. शिपायाला ती सवय लागायला तीन आठवडे गेले. पुढे तो उत्तम पथकप्रमुख झाला, हेही सांगितले पाहिजे.

तालमीत वस्ताद जसा पोराला पहिले काही महिने नुसते जोर-बैठका आणि हौद्यातली माती उकरायला लावतो, तसेच इथले पहिले दिवस असतात. लेन एक मीटर रुंद, पुढ्यात आडवी काठी. काठीपलीकडचा पट्टा आधी डोळ्यांनी पाहायचा, मग ताणलेली तार आहे का हे बारीक काडीने अलगद चाचपायचे, मग गवत थोडे थोडे कापून मागे टाकायचे, मग डिटेक्टर फिरवायचा, आणि सगळे निर्वेध असेल तर काठी तेवढीच पुढे सरकवायची. दिवसभर हेच, दर अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांती घेऊन. जाफन्याकडच्या वाळूमिश्रित जमिनीत डिटेक्टरऐवजी दाताळ्यांनी काम चाले, एक जड आणि एक हलके. तिथले काही सुरुंग इतक्या कमी धातूचे होते की यंत्रावर विसंबण्यापेक्षा ठरलेल्या खोलीपर्यंतची सगळी माती दाताळ्याने ओढून पाहणे अधिक भरवशाचे ठरले. तमिळ वाघांचा (एलटीटीईचा) ‘जोनी ९५’ हा सुरुंग लाकडी खोक्यातला. खोके कुजलेले, आतले मात्र शाबूत.

शिस्तभंगाचा सर्वांत नेहमीचा प्रकार कोणता असेल असे तुम्हाला वाटते? घाम पुसण्यासाठी व्हायझर वर करणे. मानकांप्रमाणे अंगावरचे संरक्षक जाकीट ६० सेंटिमीटर अंतरावरच्या २४० ग्रॅम टीएनटीच्या स्फोटापुढे टिकले पाहिजे आणि चेहऱ्यापुढची पारदर्शक ढाल पाच मिलिमीटर पॉलिकार्बोनेटच्या तोडीची हवी. हे २४० ग्रॅम कुठून आले, तर पीएमएन या सोव्हिएत बनावटीच्या सुरुंगात साधारण तेवढाच टीएनटी असतो. जाकीट टिकते ते ६० सेंटिमीटरवर, म्हणूनच अवजाराची लांबी आणि बसण्याची पद्धत ठरवून दिलेली असते, आणि दोन वेळा व्हायझर वर केलेला माणूस मी तिसऱ्या दिवशी घरी पाठवलेला आहे.

शिकण्याच्या जागांबद्दल : दापोडीच्या सीएमईमध्ये (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात) हे शिक्षण उत्तम मिळते, पण ती लष्कराची संस्था आहे. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधच्या छावणीत ‘फोर्स १८’ हा बहुराष्ट्रीय सराव झाला, त्यात शांतिसेनेच्या कामाबरोबर मानवतावादी सुरुंग निर्मूलनही होते. तिथले सहभागी अर्थातच सगळे गणवेशातले. नागरिकांसाठी कोसोव्होतील पेया येथे आयमासच्या पायऱ्यांप्रमाणे शिकवणारे केंद्र आहे. तरीही कोणत्याही देशात गेल्यावर त्या देशाच्या प्राधिकरणाची मान्यता आणि त्या संस्थेची स्वतःची कार्यपद्धती नव्याने शिकावी लागतेच. रजेवरून परतलेल्या माणसालाही उजळणी आणि चाचणी झाल्याशिवाय आम्ही लेनमध्ये जाऊ देत नसू.

तांबडी माती

मी भूशास्त्र शिकवतो. सुरुंग कधी पाहिलेला नाही. परंतु डिटेक्टर आणि जमीन यांच्या संबंधावर थोडे लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यातच त्याचे दोन्ही नमुने आहेत.

डिटेक्टरच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की जवळच्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रतिसाद यंत्र पकडते. अडचण अशी की, जांभ्याच्या तांबड्या जमिनीत मॅग्हेमाइटसारख्या लोहखनिजांचे अतिसूक्ष्म कण असतात, जे किंचित उशिराने चुंबकीय प्रतिसाद देतात, आणि साध्या यंत्राला तो प्रतिसाद धातूचाच वाटतो. पन्हाळ्याचे पठार, राधानगरी, चंदगड, जिथून बॉक्साइटही निघते, तो सगळा पट्टा अशा जमिनीचा आहे. कंबोडियातही जांभ्याचे मोठे पट्टे आहेत आणि सुरुंग काढणाऱ्यांना त्यांनी पुष्कळ छळले आहे. चीनचा टाइप ७२ किंवा अमेरिकेचा एम १४ अशा सुरुंगांत धातू अगदी नाममात्र असतो. यंत्राची संवेदनशीलता तेवढी वाढवली तर जमीनच बोलू लागते आणि कमी केली तर सुरुंग गप्प राहतो. म्हणून जमिनीचा प्रतिसाद वजा करणारी यंत्रे आली, तसेच डिटेक्टरला जमिनीत डोकावणाऱ्या रडारची जोड देणारी दुहेरी यंत्रेही आली. सुभेदारसाहेबांना विचारायचे आहे की, सराव लेन तयार करताना प्रत्यक्ष कामाच्या जागेची माती घेतात का?

काळ्या जमिनीचा त्रास वेगळा. बेसॉल्टची माती असल्याने तिच्यातही चुंबकीय खनिजे आहेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे पुरलेली वस्तू कलंडते किंवा खोल जाते. पुराचे तर विचारूच नका. २०१९ च्या महापुरात शिरोळकडच्या घरांतले गॅस सिलिंडर कुठल्या कुठे वाहत गेले हे आपण पाहिले आहे. बोस्नियात मे २०१४ च्या पुरात आणि दरडींत सुरुंग तसेच जागचे हलले, आणि जिथे धोक्याच्या पाट्या होत्या तिथे त्या पाट्याही राहिल्या नाहीत.

गडहिंग्लजचा सुभेदार

सर, अगदी योग्य विचारलेत. चांगली संस्था कामाच्या जागेजवळच, त्याच जातीच्या मातीत सराव लेन आखते, आणि वस्तू पुरल्यावर माती मुरायला पुरेसे दिवस देते. ताजी उकरलेली माती डोळ्यांना लगेच दिसते आणि मग शिकणारा डिटेक्टरऐवजी डोळ्यांनी पास होतो. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपले यंत्र ठराविक खोलीवर पुरलेल्या चाचणीच्या तुकड्यावर वाजवून दाखवायचे असते. वाजले नाही तर त्या दिवशी ते यंत्र लेनमध्ये जात नाही.

जुना नर्सिंग असिस्टंट

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो, आता राजारामपुरीत एका रुग्णालयात काम करतो. एका मोहिमेवर सुरुंग पथकासोबत वैद्यकीय सहायक म्हणून गेलो होतो, म्हणून प्रशिक्षणाच्या ज्या भागाकडे उमेदवार दुर्लक्ष करतात त्याविषयी लिहितो.

स्फोट झाला की माणसाची पहिली धाव जखमी सोबत्याकडे असते. प्रशिक्षणात नेमकी हीच धाव मोडावी लागते. स्फोटाचा आवाज ऐकताच प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचे, पथकप्रमुखाने परिस्थिती पाहायची, बाकीच्यांना आपापल्या तपासलेल्या वाटेने मागे घ्यायचे, आणि जखमीपर्यंतची वाट तपासलेली नसेल तर आधी ती तपासून मगच त्याच्याजवळ जायचे. जखमी ओरडत असतो आणि तुम्ही एकेक हात जमीन तपासत पुढे जाता. सरावात हे नाटक वाटते, म्हणून आम्ही जखमीचे सोंग घेणाऱ्याला मुद्दाम मनापासून ओरडायला सांगत असू. एका सरावात एक तरुण मुलगा रडकुंडीला येऊन वाट सोडून धावला. तपासनिसाने शिट्टी वाजवून सांगितले, ‘आता जखमी दोन.’ त्यानंतर कोणी धावले नाही.

पायाखाली फुटलेल्या सुरुंगाची जखम दिसते त्यापेक्षा खोल असते. माती, गवत, बुटाचे तुकडे मांसात वरपर्यंत घुसलेले असतात, म्हणून शल्यचिकित्सक ती लगेच शिवून बंद करत नाहीत, साफ करून काही दिवस उघडी ठेवतात. मैदानात आपल्या हाती असते ते रक्त थांबवणे. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, प्रत्येकाला स्वतःच्या पायाला, एका हाताने, झोपलेल्या अवस्थेत बांधता आले पाहिजे. रुग्णवाहिका आणि वैद्यकीय सहायक जागेवर नसतील तर काम सुरू करता येत नाही. रुग्णवाहिका एका जखमीला घेऊन गेली की ती परत येईपर्यंत सगळ्या लेन बंद. हवालदारसाहेब, जी संस्था तुम्हाला बोलावेल तिला जवळचे शस्त्रक्रियागृह किती मिनिटांवर आहे आणि तिथे पोहोचण्याचा सराव शेवटचा कधी झाला, हे अवश्य विचारा. उत्तर देताना ते चाचरले तर पुढे बोलण्याची गरज नाही.

चंदगडची लेक

क्षमस्व, विषयात मधेच शिरते. मी सिव्हिल डिप्लोमा केला आहे, लष्कराशी संबंध नाही. वरती श्रीलंकेतल्या बाईंचे वाचून विचारावेसे वाटले की, अशा कामात स्त्रियांना खरोखर घेतात का, आणि मैदानाव्यतिरिक्त काही काम असते का? दुसरे म्हणजे, आमच्याकडे रानडुकरांसाठी लावलेले गावठी बॉम्ब सापडतात, ते काढण्यासाठी हे शिक्षण चालते का?

गडहिंग्लजचा सुभेदार

ताई, घेतात, आणि आनंदाने घेतात. श्रीलंका, लेबनॉन, अंगोला या देशांत स्त्रियांनी लेनमध्ये काम केले आहे, अंगोलात तर केवळ स्त्रियांची पथके उभी केली गेली. तुमच्या शिक्षणाला साजेसे काम म्हणजे सर्वेक्षण. संशयित म्हणून नकाशावर रंगवलेल्या जमिनीतील बराच भाग प्रत्यक्षात निर्धोक असतो. गावकऱ्यांशी बोलून, अपघातांच्या नोंदी जुळवून, कोणती जमीन तपासायची आणि कोणती नाही हे ठरवणे यात वर्षानुवर्षांचे श्रम वाचतात. ज्या गावात पुरुष परक्या पुरुषाशी मोकळेपणाने बोलतात पण बायका बोलत नाहीत, तिथे पाण्याची आणि सरपणाची वाट कुठून जाते ही माहिती स्त्री सर्वेक्षकालाच मिळते.

गावठी बॉम्बच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगतो. त्याला हात लावू नका, पाणी टाकू नका, गुरे आणि मुले दूर न्या आणि पोलिसांना कळवा. जिल्ह्याचे बॉम्बशोधक व नाशक पथक त्यासाठीच आहे. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ पंधरा पोलिस आणि त्यांचा वाहनचालक ज्या स्फोटात गेले, तोही वर्तमानपत्रांनी ‘भूसुरुंग’ म्हणून छापला. पण माणसाने वाट पाहत बसून उडवलेले स्फोटक आणि कारखान्यात एकाच साच्यातून निघालेला सुरुंग यांचे शिक्षण वेगळे असते. कालबाह्य दारूगोळ्याचेही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्ध्याजवळच्या पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण गेले, त्यात मजुरीवर आलेली माणसे होती. खोकी उतरवणाऱ्यालाही खोक्यात काय आहे हे शिकवले पाहिजे, हे माझे मत तेव्हापासून अधिकच पक्के झाले आहे.

करवीरचा सॅपर

सर्वांचे मनापासून आभार. काल एजंटाकडे विमापत्राची प्रत, काम देणाऱ्या संस्थेचे नाव आणि प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राची मान्यता, ही तीन कागदपत्रे मागितली. ‘पाठवतो’ म्हणाला, आणि लगेच पुढच्या वाक्यात आगाऊ रक्कम पन्नास हजारांवर आली. आयमासमधील ईओडीच्या पायऱ्यांचा भाग मुलीच्या मदतीने वाचायला घेतला आहे. इंग्रजी जड आहे, पण विषय ओळखीचा असल्याने कळते.

सुभेदारसाहेब, एक शंका उरली आहे. माझ्या उजव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. दिवसभर गुडघ्यावर बसणे किती दिवस निभेल असे तुम्हाला वाटते?

गडहिंग्लजचा सुभेदार

ते लिहून कळणार नाही. भडगावच्या रस्त्याला माझे दोन एकर रान आहे, ऊस आताच तुटून गेला आहे. दहा खिळे पुरून त्यावर पाणी सोडून ठेवतो. पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी सातला या, गुडघ्याला बांधायचे जाड पॅड आणि रुंद काठाची टोपी आणा. डिटेक्टर नाही, टोचणी आणि खुरपे माझ्याकडे आहे. एक मीटरची लेन आखून देतो, बाराच्या आत किती खिळे बाजूने निघतात आणि गुडघा काय म्हणतो ते पाहू. चंदगडच्या ताईंना यायचे असेल तर वडिलांना घेऊन याव्यात. खिळे वीस पुरतो.